बाबागाडीच्या चाकांना विचारा!

शहराची पारख कशी करावी? कोणी देवळे पाहतो, कोणी बाजारपेठा. मी म्हणतो, बाबागाडीत एक मूल बसवावे आणि घराबाहेर पडावे. त्या चार इवल्या चाकांना जे कळते, ते मोटारीतल्या माणसाला सात जन्मांत कळायचे नाही.

नातीला घेऊन मी सदाशिव पेठेतून संभाजी बागेकडे जातो. पेठेतला पदपथ म्हणजे कसरतच! आधी दुकानाची पायरी, मग विजेची पेटी, मग उभी केलेली स्कूटर. गाडी उचलून रस्त्यावर घ्यावी, तो मागून बसचा भोंगा. नात खुळखुळा वाजवीत हसते. आजोबांचा जीव मुठीत! मोठ्या माणसाला अंग चोरता येते, बाबागाडीला कसे यावे?

लकडी पूल ओलांडून जंगली महाराज रस्त्याला लागले, की जग पालटते. २०१७ च्या सुमारास या रस्त्याच्या काही भागातले पदपथ ऐसपैस झाले. झाडांची सावली राहिली, बसायला बाके आली. येथे नात बघता बघता झोपी जाते. पदपथाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

यात जादू काही नाही, हिशेब आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ मध्येच मापे छापून ठेवली : चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर, कडेची उंची फार तर १५ सेंटिमीटर, उतार बारास एक. म्हणजे तेवढ्या कडेला १.८ मीटर लांबीचा उतार हवा. तो असला, की चाकांची खुर्ची आणि गुडघे धरलेली आजीही सुखाने उतरेल.

पण उपायही नेटका हवा. एके ठिकाणी स्कूटरी चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांत आमची बाबागाडी अडकली. स्कूटरवाला शेजारच्या फटीतून हसत निघून गेला!

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. २०२१ मध्ये ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर वाहने थांबवून पादचारी दिनही साजरा केला. त्या दिवशी रस्ता माणसांचा झाला. पण मूल काही वर्षातून एकदाच फिरायला निघत नाही. त्याचे बाबागाडीचे वय दोन-तीन वर्षांचे. फायलीचे वय त्याहून मोठे असते. पदपथ होईतो मूल शाळेत जाऊ लागते, आणि तोवर रस्ता म्हणजे भीती, हा पहिला धडा त्याला पाठ झालेला असतो.