मुलांच्या मापाची वास्तू

परवा नातीबरोबर तिची नवी, संगमरवरी पायऱ्यांची शाळा पाहावयास गेले असता, हात धुण्यासाठी त्या पाच वर्षांच्या पोरीला टाचा उंचावून नळाशी झटावे लागले, आणि एवढा खर्चिक इमला उभारताना ज्या वास्तुविशारदाने एकाही मुलाला भिंतीशी उभे करून पाहिले नव्हते, त्याच्याविषयीचा माझा राग अद्याप शमलेला नाही.

वडिलांच्या नोकरीमुळे माझे शिक्षण इंग्लंडात, हर्टफर्डशायर परगण्यातील एका शाळेत सुरू झाले. इंग्रजीचा एक शब्दही न येणाऱ्या मला पहिल्या दिवशी तेथे आपले असे वाटले ते वर्गातच, माझ्या कमरेच्या उंचीवर बसवलेले जाड कडांचे पांढरे बेसिन. त्याच्या नळापर्यंत माझा हात कोणाच्याही मदतीवाचून पोहोचला होता.

महायुद्धानंतर विटांचा व गवंड्यांचा दुष्काळ, सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा 1947 साली 15 वर्षांवर गेलेली, लंडनच्या उत्तरेस नव्या वसाहती वाढत चाललेल्या. अशा वेळी परगण्याचे मुख्य वास्तुविशारद एस्लिन आणि त्यांचे उपप्रमुख स्टिराट जॉन्सन-मार्शल यांनी कारखान्यात घडवलेल्या पोलादी सांगाड्याच्या, 8 फूट 3 इंचांच्या चौकटीत बसणाऱ्या शाळांची तजवीज केली. चेशंटची बर्ली शाळा त्यांतली पहिली; आमची शाळाही त्यांतलीच. या काटकसरीच्या सरकारी कामातही डेव्हिड आणि मेरी मेड यांच्यासारख्यांनी मुले वर्गात वावरतात कशी हे पाहून खुर्च्या, खिडक्या, बेसिने यांची मापे ठरवली. स्टीव्हनेजच्या बार्कली शाळेत हेन्री मूर यांचे कौटुंबिक शिल्प आले, त्याची कीर्ती मोठी. मला मात्र त्या शिल्पाहून ते बेसिनच थोर वाटते. आमचा वर्ग उन्हाळ्यात काचांमुळे तापे, हिवाळ्यात गारठे, हेही खरे.

आई तेथे एकदाच आली. चौथीपर्यंत शिकलेली, नऊवारीवर लोकरी कोट घातलेली ती, बाईंशी बोलण्याचे काम वडिलांवर सोपवून, बेसिनपाशी वाकली आणि विती टाकून तिने त्याची उंची मोजली. अडीच विती. पुढे साताऱ्यास परतल्यावर मोरीत दुसरा नळ बसवताना तिने तेच माप सांगितले, तेव्हा "एवढ्या खाली बादली कशी मावंल, वहिनी?" म्हणून गवंडी हुज्जत घालू लागला. "बादलीला वरचा आहे. हा पोरांचा," एवढे बोलून तिने भिंतीवर कोळशाने खूण केली. ते घर आता भाड्याने दिले आहे. तो नळ काढू नये, असे कलम भाडेपत्रात मी आग्रहाने घालून घेतले आहे.