हवेची बंदूक आणि एक चष्मा



दर अंकात मुख्याध्यापकांनी अभ्यासावर आणि शिस्तीवर चार शब्द लिहावेत असा आपला रिवाज आहे. या वेळी मात्र मी माझ्याच बेशिस्तीबद्दल लिहिणार आहे.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. बाकांखालचे पत्र्याचे कप्पे जागोजागी निखळले होते. शाळा उघडण्यापूर्वी ते पक्के करायचे होते. चौकट बंद चौकोनी पाइपाची. पाइपाच्या आत हात जात नाही, त्यामुळे नट-बोल्ट बसत नाही. अशा ठिकाणी पॉप रिपिट लागते. ते एकाच बाजूने बसते. पोकळ रिपिटाच्या आतला खिळा यंत्र मागे ओढते, रिपिटाचे मागचे टोक फुगून पत्रा आवळला जातो आणि खिळा तटकन तुटतो.

पीथमपूरच्या कारखान्यात काम करणारा आमचाच एक माजी विद्यार्थी रविवारी मदतीला आला. सोबत कंप्रेसर आणि हवेवर चालणारी रिपिटाची बंदूक. हाताच्या पक्कडीने पन्नास रिपिटे मारली की मनगट भरून येते. ही बंदूक घोडा दाबताच काम करते. मी हिंदी माध्यमात शिकलेला विज्ञानाचा विद्यार्थी, "पास्कल का नियम" आजही पाठ आहे. पण तो नियम हातात धरलेला त्या दिवशी प्रथमच पाहिला. हवा मोठ्या दट्ट्याला ढकलते, त्याचा दांडा थोड्याशा तेलाला दाबतो. क्षेत्रफळ लहान, म्हणून तेलाचा दाब कितीतरी पटींनी वाढतो. तेच तेल खिळा ओढते. मी खूश होऊन बघायला आलेल्या चार मुलांना धडा समजावू लागलो.

बंदुकीच्या मागे एक लहान बाटली असते. तुटलेले खिळे तिच्यात जमतात. ती सारखी भरत होती, सारखी रिकामी करावी लागत होती. दुपारच्या आत काम संपवायचे होते. तो म्हणाला, "सर, बाटली काढून ठेवली तर पटापट होईल." मी म्हणालो, "ठेव काढून."

हे शब्द माझे होते. त्याचे नाहीत.

दहा-बारा रिपिटांनंतर एक खिळा मागे उडाला आणि नववीतल्या एका मुलाच्या चष्म्यावर आदळला. काचेला टवका गेला. मुलगा नुसता म्हणाला, "सर, काही नाही झालं." माझे मात्र पाय गळाले. त्याला चष्मा लागला नसता तर? त्या डोळ्याची भरपाई कोणत्या फंडातून झाली असती?

संध्याकाळी अन्नपूर्णा रोडवरच्या त्याच्या घरी गेलो आणि सारे खरे सांगितले. त्याच्या आईने बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाली, "सर, तो घरी येऊन म्हणाला होता की पडून फुटला. तुम्हाला बोल लागू नये म्हणून." मुलगा मला वाचवायला खोटे बोलला होता. हा त्या दिवसाचा दुसरा घाव.

नंतर त्या माजी विद्यार्थ्यालाच बोलावून सारे नीट शिकून घेतले. ज्यांच्या घरी, कारखान्यात हे काम चालते, त्यांच्यासाठी थोडक्यात देतो.

काम सुरू करण्यापूर्वी कंप्रेसरच्या टाकीतले पाणी काढावे. पावसाळ्यात ते फारच साचते. नळीचे जोड तपासावेत, सुटलेली नळी सापासारखी फटकारते. हवेचा दाब बंदुकीवर लिहिलेल्या मर्यादेतच, साधारण ५ ते ६ बार ठेवावा. जास्त दाबाने काम चांगले होत नाही, बंदूक मात्र बिघडते. रिपिटाच्या मापाचेच तोंड लावावे. ४ मिलिमीटरच्या रिपिटाला ४.१ मिलिमीटरचे भोक पुरते; मोठे भोक पडले तर रिपिट ढिले बसते. तोंड बदलताना किंवा अडकलेला खिळा काढताना आधी हवेची नळी सोडवावी. बंदूक माणसाकडे कधीच रोखू नये, रिकामी असली तरी. त्याच हवेने अंगावरची धूळ उडवू नये. बाजूने झाकलेला सुरक्षा चष्मा डोळ्यांवर हवाच. नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही. आमचे ते नशीब होते. आणि बाटली जागेवर असल्याशिवाय घोडा दाबू नये.

आपल्या समाजात मुलाने खुर्चीवर बसून काम करावे ही हौस जुनी आहे. मीही त्यातलाच. म्हणूनच मला पास्कल माहीत होता, बाटली कशासाठी असते ते विचारावेसे वाटले नाही. हाताने काम करणाऱ्याला ते माहीत होते. पण समोर सर उभे होते, आणि सरांनीच "काढ" म्हटले होते.

आता शाळेत काहीही दुरुस्ती निघाली की सुरक्षा चष्म्यांचा डबा आधी बाहेर येतो. डब्यात तो टवका गेलेला चष्माही आहे. त्या मुलाकडून मी मागून घेतला. नवा त्याला करून दिला. मुलांना माझी एवढीच विनंती आहे. मोठा माणूस घाईत चुकीचे सांगत असेल, तर "सर, थांबा" म्हणा. मी रागावणार नाही.