यंदा शिबिर कधी?

संपादकांचा निरोप आला : मूल गमावल्यावर ज्यांनी समाजकार्य उभं केलं अशा आईवडिलांवर लिहा. तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ, तेव्हा दुःखाचं कार्यात रूपांतर कसं होतं ते वाचकांना सांगा. आणि दिवाळी अंक आहे, जरा प्रेरणादायी होऊ द्या. पहिल्या मागणीला मी लगेच हो म्हटलं. शेवटचीचं काय करायचं ते लिहायला बसल्यावरही ठरलेलं नाही.

माझा दवाखाना शिरूरला. पुणे-नगर रस्त्याने येणारे पेशंट जास्त, त्यातही रांजणगाव एमआयडीसीच्या आजूबाजूचे. कारेगावातून बरेच येतात. एमआयडीसी येण्याआधी हे शेतीवर जगणारं गाव होतं. आता वावरांच्या जागी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत आणि त्यांत हिंगोली, नांदेड, बुलढाण्यापासून बिहारपर्यंतची पोरं राहतात. शिफ्ट सुटली की रस्त्यावर मोटारसायकलींचा लोंढा येतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली पंधरा हजारांहून जास्त महाराष्ट्रातली. पंचनामा पोलीस करतात, हाडं अस्थिरोगतज्ज्ञ जोडतात. माझ्याकडे आईबाप येतात ते कितीतरी महिन्यांनी, आणि तेही ‘झोप नाही’, ‘छातीत धडधडतंय’, ‘पोटात आग पडते’ असं सांगत. पोरगं गेल्याचं सोबतचा नातेवाईक सांगतो, बहुतेकदा निघताना, दार अर्धं उघडल्यावर.

मेलेल्याच्या नावाने काहीतरी देणं आपल्याकडे नवं नाही. या पट्ट्यात दशक्रिया म्हणजे मोठा कार्यक्रम. नदीकाठी मांडव, महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं, आणि शेवटी माइकवरून घोषणा : अमुक यांच्या स्मरणार्थ शाळेला एवढे, मंदिराच्या कळसाला एवढे. हल्ली काही घरं राख नदीत न सोडता शेताच्या बांधावर खड्डा घेऊन त्यात टाकतात आणि वर आंबा लावतात. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत जा, छताच्या पंख्यांवर तैलरंगात नावं लिहिलेली असतात. पाती फिरायला लागली की ती वाचता येत नाहीत, आणि पोरांना वारा मिळतो. मला ही पद्धत आवडते. पंखा दिला, नाव घातलं, विषय संपला. देणाऱ्या बापाने त्यामुळे बरं व्हावं अशी अपेक्षा कोणी करत नाही.

ती अपेक्षा अलीकडची आहे, आणि तिला आम्ही मानसोपचारवालेही थोडे जबाबदार आहोत. दुःखाच्या पाच पायऱ्या तुम्ही ऐकल्या असतील : नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. व्हॉट्सॲपवर दर महिन्याला कोणीतरी मला त्या पाठवतं. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ च्या पुस्तकात त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल. पोर गमावलेल्या आईबद्दल ते पुस्तक नव्हतंच. नंतर त्या पायऱ्या सगळ्याच शोकाला चिकटवल्या गेल्या, आणि आता त्यांच्या वर सहावी बसवली आहे : समाजकार्य. बाप अजून चौथ्या पायरीवर कसा, असं मला विचारणारे मामा-काका येतात. जणू शोक म्हणजे शाळेतली इयत्ता आणि पोरगं नापास झालंय.

फ्रॉइडने १९१७ च्या निबंधात म्हटलं होतं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं. आमची पिढी हेच शिकली. पण १९२० च्या जानेवारीत त्याची मुलगी सोफी फ्लूच्या साथीत गेली, आणि नऊ वर्षांनी बिन्सवांगर या मित्राला, ज्याचाही मुलगा गेला होता, लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केलं की ती जागा कशानेच भरत नाही, आणि न भरणंच योग्य आहे. सिद्धान्त लिहिणारा फ्रॉइड मला पाठ आहे. पेशंटसमोर बसल्यावर कामी येतो तो पत्र लिहिणारा. पुढे १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल गमावलेल्या आईवडिलांच्या अभ्यासाच्या आधारे हेच शास्त्रात आणलं : नातं तुटत नाही, वेगळ्या रूपात चालू राहतं. ज्या घरात पितृपक्षात दरवर्षी पान वाढलं जातं, त्या घराला हे सांगायला अमेरिकेतून कोणी यायची गरज नव्हती.

आता माझा आवडता वाद. सोपं लिहीन असं संपादकांना कबूल केलंय, तरी एवढं ऐकाच. शोक कधी ‘आजार’ म्हणायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत ‘लांबलेला शोक’ हे निदान आहे; मृत्यूनंतर किमान सहा महिने आणि त्या त्या संस्कृतीच्या रिवाजापेक्षा जास्त, अशी अट आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०२२ मध्ये तेच निदान आपल्या यादीत घेतलं, पण मोठ्या माणसांसाठी मुदत ठेवली बारा महिने. रोजची ओढ किंवा सतत त्याच माणसाचा विचार, आणि शिवाय आठांपैकी किमान तीन लक्षणं : आपल्यातलाच एक भाग गेल्यासारखं वाटणं, मृत्यूवर विश्वास न बसणं, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, तीव्र वेदना, रोजच्या जगण्यात परत न येता येणं, मन बधिर होणं, जगण्याला अर्थ न वाटणं, एकटेपणा. मी वर्षाच्या बाजूचा आहे. सहा महिन्यांत पहिली दिवाळी येते किंवा येत नाही, त्याचा वाढदिवस येतो किंवा येत नाही. आमच्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात मंगलकार्य करत नाहीत, गोडधोडाचा सण करत नाहीत. म्हणजे समाजानेच वर्षाची रजा दिलेली आहे. ती निम्म्यावर आणायचा अधिकार जिनिव्हातल्या त्या संघटनेला कोणी दिला? आणि खरं सांगायचं तर मूल गेलेल्यांच्या बाबतीत वर्षही मला तोकडं वाटतं. डेन्मार्कमध्ये मूल गमावलेल्या एकवीस हजारांवर पालकांचा अभ्यास झाला, २००३ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. पहिल्या तीन वर्षांत अपघात, आत्महत्या अशा कारणांनी होणारे मातांचे मृत्यू इतर मातांच्या जवळजवळ चौपट निघाले. धोका वर्षांचा, आणि आमचे मुदतीचे वाद महिन्यांचे.

औषधांबद्दलही सांगून टाकतो, कारण रोज विचारलं जातं. गोळीने शोक जात नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॅथरीन शीअर यांच्या चाचणीत नैराश्यविरोधी गोळीने, समुपदेशन जोडीला असताना, नैराश्य कमी झालं. शोकाच्या मोजमापात मात्र त्या गोळीने वेगळी भर पडली नाही. म्हणून झोप आणि नैराश्य यांच्यासाठी मी गोळी देतो, आणि शोकासाठी खुर्ची देतो. रात्री-अपरात्री मरणाचे विचार आले तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो तेवढा लिहून ठेवा.

संपादकांना हवी होती ती माणसं खरोखर आहेत. मुंबईत मरोळला भाजी विकणारे दादाराव बिल्होरे. २८ जुलै २०१५ रोजी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पावसाच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मोटारसायकल गेली आणि मागे बसलेला त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश गेला. तेव्हापासून बांधकामावरची खडी, डबर, पेव्हर ब्लॉक गोळा करून ते मुंबईतले खड्डे बुजवतात, शेकडो बुजवले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘पॉटहोल दादा’ करून टाकलं. दुसरं घर गाडगीळांचं. हवाई दलातले फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडला मिग-२१ कोसळून गेले. ठपका वैमानिकावर आला. आई कविता गाडगीळ तो मानायला तयार नव्हत्या. वडील अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलातले वैमानिक. दोघांनी मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली आणि मिगच्या अपघातांचा प्रश्न देशासमोर आणला.

या दोन घरांकडे पाहताना माझ्या नजरेत भरतो तो त्यांच्या कामाचा नेमकेपणा. ज्या गोष्टीने मूल गेलं तिच्याशीच ते भिडले. खड्ड्याने गेलं तर खड्डा, विमानाने गेलं तर विमान. यात दया कमी आणि भांडण जास्त आहे. रस्ता ज्याने नीट ठेवायचा त्याने ठेवला नाही, म्हणून भाजीवाल्याला खोरं उचलावं लागलं. आपण त्याला शाल देतो, तेव्हा त्याचं भांडण बाजूला पडतं आणि त्याचा त्याग तेवढा उरतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. शोकाच्या अशा कामाचा पुरस्कार मला विचाराल तर असा असतो. अमेरिकेत १९८० मध्ये कँडी लाइटनर यांची तेरा वर्षांची मुलगी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने उडवली. त्या बाईंनी आयांची संघटना काढली आणि कायद्याच्या मागे लागल्या. फळांचं वाटप केलं नाही.

आणि एक खबरदारी. मागे वळून पाहताना सगळं फार सरळ दिसतं. बाबासाहेब आणि रमाईंची चार मुलं गेली. राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला, आणि स्नेही दत्तोबा पवारांना बाबासाहेबांनी लिहिलेलं त्यानंतरचं पत्र वाचवत नाही. पुढच्याच मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह. एका व्याख्यात्याला या दोन तारखा जोडताना मी ऐकलं : पुत्रशोकातून क्रांती, टाळ्या. पण बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची आहे. काम आधीपासून चालू होतं, ते शोकातही थांबलं नाही. हे जास्त अवघड आहे, पण त्याला टाळ्या कमी पडतात.

आता ज्याच्यामुळे हा लेख लांबला ते. तपशील बदलले आहेत. कारेगावचे एक गृहस्थ, त्यांना अण्णा म्हणू. खोल्यांचं भाडं आणि थोडी शेती. एकुलता मुलगा रात्रपाळीवरून येताना गेला, हेल्मेट घरात खुंटीला. वर्षश्राद्धाला अण्णांनी रक्तदान शिबिर घेतलं आणि रक्त देणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा. तिसऱ्या वर्षी आमदार आले. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर पोराचा लग्न जमवण्यासाठी काढलेला फोटो आणि खाली चाळीस हितचिंतकांचे गोल चेहरे. आसपासच्या शाळा-कॉलेजांत अण्णांची भाषणं होतात. शिबिर उपयोगाचं आहे याबद्दल मला शंका नाही. मे महिन्यात रक्तपेढ्यांत बाटल्या नसतात, आणि अण्णांचं शिबिर मे महिन्यातच येतं.

माझ्याकडे आधी आल्या त्या त्यांच्या मंडळी. पोटात आग, सगळे रिपोर्ट नॉर्मल. तीन-चार भेटींनंतर म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, तो फ्लेक्स लागला की मी महिनाभर चौकातून जात नाही. भाजी शेजारणीकडून मागवते.’ शिबिराच्या दिवशी त्या काय करतात? दीडशे माणसांचा पोहे-चहा. स्टेजवर त्यांना कोणी बोलावलेलं नाही, आणि बोलावलं तर त्या जाणार नाहीत. एक गोष्ट मात्र त्या रोज करतात : वरच्या खोलीत हिंगोलीचा एक पोरगा राहतो, रात्रपाळी करतो, तो घरी परत येईपर्यंत जिन्यातला दिवा चालू ठेवतात आणि त्याची गाडी आत लागल्याचा आवाज आला की मगच पडतात. अण्णा याला वेड म्हणतात. मी निद्रानाश म्हणून लिहून घेतलं होतं. नेदरलँड्समधले श्ट्रोबे आणि श्खुट यांचं १९९९ चं प्रारूप सांगतं की शोकातलं माणूस गेलेल्याकडे आणि उरलेल्या जगण्याकडे आळीपाळीने जात-येत राहतं, आणि ही ये-जा म्हणजेच तब्येत. या घरात नवऱ्याने एक बाजू घेतली आणि बायकोला दुसरी दिली. गावाला त्याचीच बाजू तेवढी दिसते, कारण माइक त्याच्यापुढे आहे.

या वर्षी मार्चमध्ये अण्णा एकटेच आले. मी मंडळींच्या गोळ्यांची चौकशी करायला लागलो तर म्हणाले, ‘तिचं नाही, माझंच आहे. यंदा शिबिर नको वाटतंय.’ का, विचारलं. तर म्हणाले, भाषणात पोराबद्दल तेच तेच सांगून आता खरं काय होतं ते आठवेना झालंय. तो तिखट खायचा की नाही यावर घरात वाद झाला, आणि बायको बरोबर निघाली. मग नका घेऊ, मी म्हटलं. ‘तुम्ही म्हणाल हो. जानेवारीपासून जो भेटतो तो विचारतो, अण्णा, यंदा शिबिर कधी? हेल्मेटवाला फोन करतो. मंडळाच्या पोरांनी तारीखपण धरलीय. नाही म्हटलं तर म्हणतील, विसरला पोराला.’

आमच्या दोन्ही याद्यांत त्यांचं निदान बसत नाही. आठ लक्षणं मी मनातल्या मनात मोजली. फार तर दोन. झोप ठीक, जेवण ठीक, कामात लक्ष. शोक करायला सवड नसणं हे कुठल्या यादीत नाही. मूल गेलेल्याने काम उभं करावं की नाही, यावर माझ्याकडे उत्तर नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण उभं केलेलं काम त्याला थांबवता आलं पाहिजे, आणि आपण गावकरी, पाहुणे, पत्रकार, दिवाळी अंकाचे संपादकसुद्धा, ते थांबवू देत नाही.

शेवटी अण्णांनीच तोड काढली. डॉक्टरचं सर्टिफिकेट असलं की मंडळाची पोरं ऐकतील. त्यांचा रक्तदाब खरोखरच वाढलेला होता, तेव्हा लिहून दिलं : रक्तदाब, दगदग आणि सार्वजनिक कार्यक्रम टाळावेत, तीन महिने विश्रांती. अण्णांनी कागद वाचला, उलटा करून पाहिला, लेटरहेडवरच्या माझ्या पदवीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘हे मानसोपचार नको. गावात वेगळंच समजतील. हेच एखाद्या हार्टच्या डॉक्टरकडून मिळेल का?’