मुलाचे की मुलांचे?

अ‍ॅपॉस्ट्रॉफी म्हणजे ओळीच्या पायाशी बसायचे सोडून वर खुंटीला जाऊन लटकलेला स्वल्पविराम, अशी माझी शाळेपासूनची समजूत आहे. आमचे इंग्रजीचे मास्तर मात्र या लटकणाऱ्यावर जीव टाकीत. 'बॉय'च्या पुढे आधी चिन्ह आणि मग एस, म्हणजे मुलगा एक. आधी एस आणि मग चिन्ह, म्हणजे मुलगे अनेक. एवढे पाठ होते न होते तोच 'चिल्ड्रन' येई. तिथे मुले अनेक असूनही चिन्ह पुन्हा एसच्या आधी! कारण काय, तर तो शब्द एसची मदत न घेताच अनेकवचनी झालेला. आम्ही आपले चिन्ह बरोबर एसच्या डोक्यावर ठेवून देत असू. तपासणाऱ्याने हवे तिकडे ओढून घ्यावे.

ही युक्ती आमच्या आबांनाही ठाऊक होती, हे ते गेल्यावर कळले. कपाटात पोस्टाचे पासबुक निघाले, साडेअकरा हजारांचे. पाकिटावर कारकुनी वळणाचे इंग्रजी: 'माय सन्स मनी'. आणि चिन्ह? बरोबर एसच्या डोक्यावर!

म्हणजे मुलगा एक की दोन? दादाला वाटले, एकच असेल तर थोरला. मला वाटले, धाकटा. "असू दे रे, कोणाचे का असेना," असे दोघेही मोठ्या मनाने म्हणालो आणि पुढे दोन दिवस एकमेकांशी कामापुरतेच बोललो. तिसऱ्या दिवशी दादा भिंग घेऊन बसला.

त्याला धीर द्यावा म्हणून मी सांगितले, की खुद्द साहेबाच्या देशातही हाच घोळ आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेवर अर्ल्स कोर्टला चिन्ह आहे आणि लगतच्या बॅरन्स कोर्टला नाही. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने २००१ साली या चिन्हाच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि २०१९ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले म्हणून हात टेकले. पुढे दुसऱ्यांनी ती चालवायला घेतली.

"त्यांचे साडेअकरा हजार अडकले नव्हते," दादा भिंगातून न पाहता म्हणाला.

शेवटी वहिनीने पाकीट उलटे करून झटकले. आतून चिठ्ठी पडली. मराठीत: 'मुलांचे पैसे'. 'ला'वर ठसठशीत टिंब! जे सांगायला इंग्रजीला एसच्या अलीकडे-पलीकडे धावावे लागते, ते आपला अनुस्वार नुसता डोक्यावर बसून सांगतो. टिंब काढा, मुलगा एक. टिंब द्या, अनेक. आमचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात वहिनी म्हणाली, "पण भावजी, टिंब आदरार्थीही असते ना? 'आबांचे' म्हणतो तेव्हा आबा एकच असतात."

क्षणभर सगळे गप्प झाले. मग आबा आमच्यापैकी कोणाचा आदरार्थी उल्लेख करतील, ही शक्यता दादाने आणि मी एकमताने फेटाळली आणि पैसे निम्मे निम्मे वाटून घेतले.