यंत्रमानव कुठे जातो?

यंत्रमानव म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर सिनेमातला लाल डोळ्यांचा लोखंडी माणूस उभा राहतो. कारखान्यातला यंत्रमानव तसा नसतो. तो म्हणजे जमिनीला पक्का बसवलेला एक मोठा हात. असा पहिला हात १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. साच्यातून निघालेले गरम भाग उचलणं हे त्याचं काम. म्हणजे सुरुवातच माणसाचा हात भाजू नये अशा कामापासून झाली.

आमच्या साकीनाक्याच्या शाळेत बऱ्याच मुलांचे वडील गाळ्यांत काम करतात. कोणी लेथवर, कोणी पॉलिशला, कोणी प्रेस मशीनवर. त्यामुळे हा विषय निघाला की प्रश्न ठरलेला, "टीचर, रोबो आला तर पप्पांचं काम जाणार का?" हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. म्हणून मी आधी फळ्यावर नकाशा काढते.

२०२३ मध्ये जगभरात सुमारे ५ लाख ४१ हजार नवे यंत्रमानव बसले. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये, भारतात साधारण साडेआठ हजार. दक्षिण कोरियात दर १०,००० कामगारांमागे हजारावर यंत्रमानव आहेत. २०२३ मध्ये जगाची सरासरी १६२ होती. आपल्या राज्यातही वाटणी सारखी नाही. पुण्याजवळ चाकणला गाड्यांचे मोठे कारखाने आहेत, तिथे वेल्डिंगला, रंगकामाला यंत्रमानव दिसतात. साकीनाक्याच्या गाळ्यात दिसत नाहीत.

असं का? कारण यंत्रमानवाला तेच काम, तेच माप, हजारो वेळा लागतं. गाळ्यात आज कडी, उद्या बिजागरी, ऑर्डर पाचशे नगांची. एवढ्यासाठी महागडं यंत्र कोण घेणार? शिवाय ते चालवायला शिकलेला माणूस हवा, जागा हवी.

आणि उपनगरातले मोठे कारखाने? कुर्ल्याला प्रीमियर पद्मिनी बनायची. घाटकोपर, मुलुंडच्या एलबीएस मार्गावर कारखान्यांच्या जागी आज मॉल आणि टॉवर आहेत. जागेचे भाव वाढले, बाहेर स्वस्त जमीन मिळाली, कारखाने निघून गेले. तिथली कामं यंत्रमानव येण्याआधीच गेली होती.

मला खटकतं ते वेगळंच. प्रेसखाली पत्रा सरकवणं हे खरं तर यंत्राचं काम. क्षणभर लक्ष चुकलं की बोट जातं. पालकसभेत सही करताना अपुऱ्या बोटांनी पेन धरणारे हात मी पाहिलेत. जिथे हाताला एवढा धोका, तिथेच यंत्रमानव पोचत नाही. तो गरज बघून जात नाही, हिशोब बघून जातो. आणि त्या हिशोबात बोटाची किंमत कोणी धरत नाही. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही, अशी सोय तर यंत्रमानवापेक्षा कितीतरी स्वस्तात होते.

म्हणून मुलांना मी सांगते, पप्पांचं काम रोबो उद्याच नेणार नाही. पण त्या कामातला धोका आजच कमी करता येतो.

उपक्रम : घरी विचारा. तुमच्या कामातलं कोणतं काम यंत्राला द्यावंसं वाटतं? कोणतं स्वतःकडेच ठेवावंसं वाटतं? उत्तरं वहीत लिहून आणा.