उघडा घोडा

चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने, सातारा-सांगलीच्या हद्दीवरच्या वाड्यांत, अजून कुठे कुठे परवान्याची बाराबोर बंदूक असते. गवे आणि रानडुकरं एका रात्रीत उभं पीक आडवं करतात, म्हणून पीकसंरक्षणासाठी घेतलेली. निवडणूक लागली की ती अनेकदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते.

आज पाटणकडच्या एका घरी जुनी दुनाळी जवळून पाहिली. दोन नळ्या, दोन चाप, बाहेर दोन घोडे. अंगठा लागून लागून घोड्यांवरची नक्षी गुळगुळीत झालेली. घोडा पूर्ण मागे ओढला की आतली कमान ताणते आणि चाप ओढताच तो सुटतो. अर्ध्यावर मात्र तो खाचेत अडकतो आणि चाप ओढला तरी सुटत नाही; हीच त्याची सुरक्षा. ती खाच झिजली, तर नुसत्या धक्क्यानेही बार उडू शकतो.

विंचेस्टर या अमेरिकन कंपनीच्या १८९७ सालच्या, पंप मागेपुढे सरकवून भरायच्या बंदुकीतही सुरक्षेचं वेगळं बटण नव्हतं. भिस्त याच अर्ध्या चढवलेल्या घोड्यावर. शिवाय चाप दाबूनच ठेवला, तर पंप पुढे सरकताक्षणी बार उडे.

मला उघडा घोडा आवडतो, कारण तो बंदुकीची अवस्था लपवत नाही. पण काडतूस आत आहे की नाही, हे तो सांगत नाही. म्हणून बंदूक हातात आली की तोंड जमिनीकडे, बोट चापाबाहेर, दुनाळी मोडून उघडायची आणि दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड स्वतः पाहायचा. दुसऱ्याने ‘रिकामी आहे’ म्हटलं, तरीही.