एकाच ट्रेमधील पोर्क रोस्ट

डुकराच्या मांसाचा मोठा, सलग तुकडा आणि त्याच्याभोवती मांडलेले बटाटे, गाजरे व कांदे हे सारे एकाच खोलगट ट्रेमध्ये ओव्हनच्या कोरड्या उष्णतेत भाजून काढण्याच्या रीतीला ‘रोस्ट’ म्हणतात आणि इंग्लंडमध्ये ती पिढ्यान्‌पिढ्या रविवारच्या जेवणाशी जोडलेली आहे. तिची ख्याती सोपेपणाबद्दल आहे. ट्रे एकदा आत सरकवला की घरातील माणसे दोन-तीन तास इतर कामांना मोकळी होतात, हे खरेच आहे. मात्र ‘सगळे एकत्र टाका आणि विसरून जा’ हा जो सल्ला पाककृतींमधून सर्रास दिला जातो, तो अर्धवट आहे. कारण मांस आणि भाज्या यांना लागणारी उष्णता वेगळी, वेळ वेगळी आणि ओलाव्याशी त्यांचे नातेही वेगळे असल्यामुळे, कोणती वस्तू केव्हा आत जाते आणि केव्हा बाहेर येते यावरच सारे जेवण अवलंबून असते. नॉटिंगहॅम येथे राहणाऱ्या एका वसईकर ख्रिस्ती कुटुंबाच्या, म्हणजे प्रस्तुत लेखिकेच्याच, स्वयंपाकघरात हा क्रम कसा बसत गेला, याची ही नोंद आहे.

वसई परिसरातील ख्रिस्ती समाजाला डुकराचे मांस नवे नाही. १५३४ ते १७३९ अशी दोन शतकांहून अधिक काळ वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती आणि त्या राजवटीचा ठसा तेथील सणासमारंभांच्या जेवणावर अजूनही दिसतो; व्हिनेगर घालून मुरवलेले इंद्याल, मांस व काळजाचे बारीक तुकडे घालून केलेले आंबट-तिखट सोरपोतेल आणि त्यांच्या जोडीला तळलेल्या फुग्या, हे त्याचे ठळक नमुने होत. परंतु यांतील मांसाचे पदार्थ चुलीवरचे आणि रसाचे आहेत; मांस लहान तुकड्यांत कापायचे, त्याला मसाला चोळायचा आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्यायचे, ही त्यांची पद्धत. सलग तुकडा करायचा झालाच, तर तोही जाड बुडाच्या टोपात, आले, लसूण, मिरी व दालचिनी यांच्या संगतीत होतो. अशा स्वयंपाकाची सवय असलेल्या माणसाला दीड किलोचा तुकडा नुसते मीठ लावून कोरड्या ओव्हनमध्ये ठेवणे हे काम मध्येच सोडून दिल्यासारखे वाटते. वसईहून आलेल्या सासूबाईंनी ट्रेकडे पाहून “मसाला कधी घालतेस गं?” असे विचारले होते. तो प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर पुढे येईलच.

पहिला निर्णय तुकड्याचा असतो, आणि निम्मे यश तिथेच ठरते. इंग्लंडमधील खाटकाकडे रोस्टसाठी प्रामुख्याने पाठीचा, खांद्याचा, पोटाचा आणि मागच्या पायाचा भाग मिळतो. पाठीचा भाग, ज्याला तेथे ‘लॉइन’ म्हणतात, तो दिसायला देखणा, एकसारखा आणि कापायला सोपा असतो. पण त्यात आतली चरबी फार थोडी असल्याने तुकड्याच्या मध्यभागाचे तापमान ७० अंश सेल्सियसच्या बरेच वर गेले की तो कोरडा पडतो, आणि मग कितीही रस ओतला तरी त्याचा चिवटपणा जात नाही. खांद्याचे तसे नाही. प्राण्याचा खांदा सतत काम करणारा असल्यामुळे त्याच्या स्नायूंमध्ये कोलॅजेन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, भरपूर असते. हे प्रथिन ओलाव्यात दीर्घकाळ तापले की हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते, ज्यामुळे मांस मऊ आणि रसदार लागते. ही क्रिया ६०-७० अंशांपासून सुरू होत असली तरी तिला खरी गती त्यापुढे येते, म्हणून खांद्याचा तुकडा मध्यभागी ८५ ते ९० अंशांपर्यंत नेला तरी बिघडत नाही, उलट सुधारतो. ज्या घरात एक मूल पोहायला गेलेले, दुसरे झोपलेले आणि कोणाची तरी कामाची पाळी संपायची बाकी, अशी रविवारची स्थिती असते, तिथे अर्धा तास उशीर सोसणारा तुकडाच कामाचा. पाककृतींच्या पुस्तकांत लॉइनची छायाचित्रे अधिक सुंदर येतात, एवढ्यासाठी तो निवडू नये.

खांद्यावरची कातडी ठेवायची असेल तर तिच्याकडे आदल्या रात्रीच लक्ष द्यावे लागते. खाटीक धारदार पात्याने कातडीवर बोटभर अंतरावर समांतर चिरा देतो. त्या कातडीच्या आरपार जाऊन खालच्या चरबीपर्यंत पोहोचल्या पाहिजेत, मात्र मांसाला लागता कामा नयेत, कारण मांस चिरले गेले तर तेथून रस वर येऊन कातडी पुन्हा ओली होते. घरी आणल्यावर ती कागदाने कोरडी टिपून, चिरांमध्ये जाडसर मीठ चोळून, तुकडा न झाकता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी कातडी चामड्यासारखी ताठ आणि किंचित पारदर्शक झालेली दिसते. दुसऱ्या दिवशी ओव्हन २३० अंशांवर नीट तापवून पहिली पंचवीस-तीस मिनिटे मांस एकटेच आत ठेवायचे. या अवस्थेत भाज्या अजिबात नकोत, कारण भाज्यांतून निघणारी वाफ कातडीला कोरडे होऊ देत नाही. पंधराएक मिनिटांनी कातडीच्या कडांवर मोहरीएवढे फोड दिसू लागतात, मग ते एकमेकांत मिसळून सारा पृष्ठभाग खडबडीत सोनेरी होतो आणि ओव्हनच्या दारातूनही तडतड ऐकू येते. कातडीत उरलेल्या थोड्याशा पाण्याची वाफ होते आणि मऊ पडलेल्या कातडीला ती आतून फुगवते. भट्टीत पापड फुलतो त्यातलाच हा प्रकार. या कुरकुरीत कातडीला इंग्रज ‘क्रॅकलिंग’ म्हणतात आणि घरातील मुलांची भांडणे बहुधा हिच्यावरूनच होतात.

यानंतर उष्णता १६० अंशांवर उतरवली जाते आणि भाज्यांचा पहिला गट आत जातो. कांद्याच्या जाड चकत्या आणि गाजराचे मोठे तुकडे मांसाच्या खाली पसरून त्यांवर अर्धी वाटी पाणी घातले की मांस त्यांच्यावर विसावते, खाली गळणारा रस जळत नाही आणि दोन-अडीच तासांत हे कांदे पूर्ण मऊ होऊन पुढच्या रसाची बैठक तयार करतात. पाणी बेताचेच हवे, नाहीतर वर फुललेली कातडी पुन्हा नरम पडते. या गटातील भाज्या देखण्या राहत नाहीत, आणि त्यांनी तसे राहावे अशी अपेक्षाही नाही.

बटाट्यांचे प्रकरण वेगळे आहे. कच्चे बटाटे सुरुवातीपासून ट्रेमध्ये टाकले तर ते रसात शिजतात, भाजत नाहीत. बाहेरून पिवळट, आतून चिकट असा त्यांचा जो अवतार होतो तो उकडलेल्या बटाट्याचाही नाही आणि भाजलेल्याचाही नाही. म्हणून किंग एडवर्ड किंवा मॅरिस पायपरसारखे पिठूळ बटाटे निवडून, मोठ्या फोडी करून, मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटे उकळायचे, पाणी पूर्ण निथळायचे आणि झाकण लावलेले पातेले दोनतीनदा जोराने हलवायचे. त्याने फोडींच्या कडा खरवडल्यासारख्या होतात आणि त्या खडबडीत कडांमध्ये चरबी शिरून जाड, कुरकुरीत पापुद्रा धरतो. या फोडी मांस बाहेर येण्याच्या पाऊण तास आधी ट्रेच्या कडेने, एकमेकींना न चिकटता मांडायच्या. ट्रे गच्च भरला की भाज्यांतील पाणी वाफ होऊन निसटण्याऐवजी तिथेच कोंडते. भाजल्याचा खमंग वास आणि तपकिरी रंग देणारी जी क्रिया आहे, जिचे वर्णन लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले आणि जी त्याच्याच नावाने ओळखली जाते, ती साधारण १४० अंशांच्या वर जोर धरते. ओल्या पृष्ठभागाचे तापमान मात्र पाणी असेपर्यंत १०० अंशांच्या आसपासच अडकून राहते. ट्रे मोठा नसेल तर भाज्या कमी घ्याव्यात. दाटीवाटीने काहीच साधत नाही.

खरा कळीचा क्षण मांस शिजल्यानंतर येतो, आणि एका ट्रेचे जेवण सोपे होते ते इथे. मांस बाहेर काढून लगेच कापले तर रस लाकडी पाटावर वाहून जातो; तेच अर्धा तास तसेच ठेवले तर आतील रस थंड होताना दाटतो व कापतानाही बराचसा आतच राहतो. या थांबण्याला इंग्रजीत ‘रेस्ट’ म्हणतात. घाईच्या वेळी हा अर्धा तास वाया गेल्यासारखा वाटतो, परंतु भाज्यांना हवा असतो तो नेमका हाच अर्धा तास. मांस निघाले की ट्रेमधील मऊ कांदे, गाजरे आणि रस चमच्याने एका छोट्या पातेल्यात काढून घ्यायचे, तीन-चार चमचे चरबी व बटाटे तेवढे ट्रेमध्ये ठेवायचे, ओव्हन २२० अंशांवर चढवायचा आणि त्यातच पार्सनिपचे तुकडे (गाजराच्या घडणीचा पांढरट, गोडसर कंद) व कोबीच्या जाड फाका टाकायच्या. पार्सनिपमध्ये साखर जास्त असल्यामुळे तो आधी टाकला तर करपतो. कोबीच्या फाकांचे टोक काळसर होईतो थांबले तर मात्र त्यांची चव खुलते. मांस विसावते आहे, भाज्या तडतडत आहेत, आणि शेगडीवर रस आटतो आहे, अशी तिन्ही कामे एकाच वेळी चालतात.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर याच टप्प्यावर मिळाले. वसईकडचा बॉटल मसाला, म्हणजे उन्हाळ्यात मिरच्या व अनेक मसाले भाजून, कुटून बाटल्यांत ठासून भरलेला घरगुती मसाला, सुरुवातीला मांसावर लावला तर २३० अंशांत काळा पडून कडवट होतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत बटाट्यांवर भुरभुरला, किंवा चमचाभर व्हिनेगरबरोबर रसात घातला, तर तो आपले काम चोख बजावतो. सोबत आंबट सफरचंदाची चटणी असते, आणि त्यासाठी वापरले जाणारे ब्रॅमली सफरचंद नॉटिंगहॅमशायरमधल्याच साउथवेल गावचे आहे: १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने लावलेल्या बियांतून ते झाड उगवले, पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅमली या खाटकाने विकत घेतले आणि फळाला त्याचे नाव पडले. डुकराच्या मांसाबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या सफरचंदाला खाटकाचे नाव असावे, हा योगायोग तसा शोभूनच दिसतो. या चटणीचा आंबटपणा चरबीचा जडपणा कापतो, म्हणजे वसईत जे काम व्हिनेगर करते तेच.

तापमानाच्या बाबतीत मात्र गल्लत होऊ देऊ नये. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये सलग तुकड्यांसाठीचे किमान तापमान १६० फॅरनहाइटवरून १४५ फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ६३ सेल्सियसवर आणले व त्यानंतर तीन मिनिटे थांबण्यास सांगितले. ब्रिटनमध्ये मध्यभाग ७० अंशांवर दोन मिनिटे राहावा असा सल्ला दिला जातो. गुलाबीसर पोर्क खाण्याची जी नवी हौस दिसते तिला या पहिल्या आकड्याचा आधार आहे. परंतु तो आकडा नियंत्रित पद्धतीने पाळलेल्या आणि तपासलेल्या डुकरांच्या मांसासाठी आहे. भारतात उकिरड्यांवर चरणाऱ्या डुकरांच्या मांसातून टेनिया सोलियम या पट्टकृमीचा, म्हणजे माणसाच्या आतड्यात वाढणाऱ्या चपट्या जंताचा, प्रसार होऊ शकतो, आणि याच जंताची अंडी अस्वच्छतेमुळे पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फेफऱ्यासारखे झटके येतात. वसईच्या जुन्या स्वयंपाकात मांस पूर्ण शिजेपर्यंत टोप उतरवायचा नाही, हा जो दंडक होता, तो आजही तिथे योग्यच आहे. खांद्याचा तुकडा ८५ अंशांच्या पुढे नेला जात असल्याने हा प्रश्न त्याच्या बाबतीत मुळात उद्भवत नाही; मांस निवडताना हाही विचार करावा.

कामाच्या दिवशी तीन तासांचा खटाटोप शक्य नसतो. तेव्हा कातडी नसलेला किलोभर लॉइन, बोटभर जाडीच्या भाज्या आणि २०० अंशांचा ओव्हन घेतला, तर साधारण तासाभरात जेवण होते, पण तिथे घड्याळावर न विसंबता मांसात खुपसायचा तापमापक वापरावा. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी खांद्याचा तुकडा जाड बुडाच्या टोपात सर्व बाजूंनी लालसर परतून, कांदा, मिरी, दालचिनी आणि थोडे व्हिनेगर घालून, घट्ट झाकणाखाली अगदी मंद आचेवर अडीच तास ठेवावा आणि उकडलेले बटाटे वेगळ्या तव्यावर त्याच चरबीत परतावेत. कुरकुरीत कातडी त्यात मिळणार नाही, बाकी काही उणे राहत नाही.